काम संपव आणि घरी आण

माझ्या आत्याचा आवाज ही देवाची देणगी होती आणि देवानंच ती एके दिवशी परत मागून घेतली. हे वाक्य माझं नाही. आमच्या गावच्या चर्चच्या स्मरणिकेत ते ठळक टाइपात छापलेलं आहे. त्याच पानावर, खालच्या अर्ध्या भागात, पाथर्डीच्या एका खत-बियाण्यांच्या दुकानाच्या हार्दिक शुभेच्छा आहेत. स्मरणिकेचे संपादक याकोबकाका होते, आणि देणगी परत मागून घेण्याच्या व्यवहारात त्यांचा थोडाफार हात होता, त्यामुळे त्यांना आतली माहिती असणं शक्य आहे. मी आत्याच्याच घरात राहत होते, तिच्या शेजारच्या अंथरुणावर झोपत होते. मला देवाचं काही ऐकू आलं नाही. जे ऐकू आलं ते वेगळंच होतं, आणि आता त्या घरातली आत्या आणि मी एवढ्याच उरल्यामुळे लिहून ठेवते.

आमचं घर चर्चच्या आवारातच होतं. पप्पा शाळेत मास्तर होते आणि रविवारी गायनमंडळाचे प्रमुख. दोन्हीकडे ते सारख्याच आवाजात बोलायचे. चर्चला घंटा नव्हती. लिंबाच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता आणि त्यावर लोखंडी पहार मारली की उपासना सुरू व्हायची. पाथर्डीकडं रेल्वे अजूनही आलेली नाही. रूळ मात्र आमच्याकडे पूर्वापार होता. सकाळी जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्यानं. बाजरीची भाकरी थापताना तिच्या हाताला एक ठेका होता, आणि तो ठेका धरून आत्या चुलीपुढं बसून गुणगुणायची. हुलग्याची शेंगोळी शिजत असली की तिचं गाणं जरा लांबायचं, कारण शेंगोळी शिजायला वेळ लागतो. माझ्या डोक्यात आजही काही गीतं हुलग्याच्या वासासकट आहेत. धार्मिकदृष्ट्या हे कितपत बरोबर आहे ते मला ठाऊक नाही.

आत्याचं नाव रूथ. पप्पांची धाकटी बहीण, वयानं त्यांच्यापेक्षा माझ्या जवळची. आईवडील लवकर गेले म्हणून पप्पांनीच तिला वाढवलं, आणि वाढवलं म्हणजे प्रामुख्यानं दुरुस्त केलं. तिची वेणी, तिचं अक्षर, तिचं हसणं, सगळ्यात पप्पांना चूक सापडायची. सगळ्यात मोठी चूक गाण्यात होती. गीताची ओळ संपली की मंडळी थांबायची. आत्या थांबायची नाही. शेवटचा सूर ती धरून ठेवायची, जरा वळवायची, खाली उतरवायची, पुन्हा वर न्यायची, आणि पुढची ओळ सुरू झाली तरी तिची मागची चालूच असायची. पप्पा पेटीवरून मान वर करायचे.

“रूथ, ओळ संपली.”

“तुमची संपली दादा. माझी न्हाई अजून.”

आता अभ्यासक या गोष्टीला इंग्रजीत सोल, म्हणजे आत्मा, म्हणतात आणि तिनं ती कुठल्या परदेशी तबकडीवरून उचलली असेल यावर लेख लिहितात. त्या काळी आमच्या गावात सोल फक्त चपलेला असायचा, आणि तबकडी वाजवायचं यंत्र आसपास कुणाकडंच नव्हतं.

आमच्या मंडळीची एक रीत इथं सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. दसरा झाला की आमच्या भागातली निम्मी माणसं ऊस तोडायला जातात. नवराबायको, लहान पोरं, बैल, भांडी, सगळं घेऊन टोळ्या निघतात, ते कारखाने बंद होईपर्यंत परत येत नाहीत. टोळ्या निघायच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे निरोपाची उपासना असायची. जाणाऱ्यांची नावं एकेक करून घ्यायची, नाव घेतलेल्यानं उभं राहायचं, आणि पाद्रीसाहेबांनी हात उचलून ठरलेली प्रार्थना म्हणायची: प्रभू, ह्यांचं काम लवकर संपव आणि ह्यांना घरी आण. मंडळी आमेन म्हणायची. ऊस तोडणाऱ्याला याहून मोठा आशीर्वाद नाही. काम संपलं की गाव दिसतं, आपली चूल दिसते. ही प्रार्थना कुणी रचली ते माहीत नाही, पण ती कोयता धरलेल्या माणसानं रचली असणार. कारण त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून ट्रॅक्टरचे आवाज सुरू व्हायचे, दुपारी ते थांबायचे, आणि मग गावावर एक शांतता उतरायची, जी मला लहानपणी अजिबात आवडायची नाही. कुलपं लावलेल्या घरांवरून वारा जातो तेव्हा त्याचा आवाज वेगळा येतो. गायनमंडळात पप्पा, दोन म्हातारे आणि आम्ही शाळेतली पोरं एवढीच उरायचो. आत्या होती तोवर ते कुणाला जाणवायचं नाही. ती एकटीच चर्च भरून काढायची.

ती गेली ती एका लग्नातून. पाथर्डीत कुणा मोठ्या माणसाच्या घरी लग्न होतं, नगरहून ऑर्केस्ट्रा आला होता आणि त्यांची गाणारी बाई तापानं आडवी झाली होती. (जिल्ह्याचं नाव आता बदललं आहे. एसटीच्या पाट्या रंगवून झाल्या, पण कंडक्टर अजून “नगर, नगर” असंच ओरडतो. मीही सवयीनं तेच लिहिते.) कुणीतरी मास्तरांच्या बहिणीचं नाव सुचवलं. पप्पा परगावी होते. आत्या गेली, गायली, आणि ऑर्केस्ट्रावाल्यानं तिला परत सोडलं ते पुढच्या कार्यक्रमाची वेळ सांगूनच. वर्षभरात ती नगरला राहायला गेली, आणि पुढं मुंबईला. पप्पांनी तिला अडवलं नाही. ते फक्त बोलायचे थांबले, आणि पप्पांसारख्या माणसानं बोलायचं थांबणं हे अडवण्यापेक्षा वाईट होतं. निघताना आत्या त्यांच्या पाया पडली तेव्हा ते शाळेच्या वह्या तपासत होते. त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली नाही.

मग कॅसेट आल्या. मुखपृष्ठावर तिचं नाव बदललेलं होतं. ते मी इथं लिहीत नाही, कारण आमच्या घरात त्या नावानं तिला कुणी हाक मारलेली नाही. अंगात चमचमणारा झगा होता. गाणी गोड होती: डोळ्यांवरची, चांदण्यावरची, एक तर आइस्क्रीमवरचं. आवाज इतका गोड की दुसऱ्या कडव्यानंतर पाणी प्यावंसं वाटायचं. पण ओळीच्या शेवटी ती अजून थांबत नव्हती, आणि तेवढ्या जागेत मला माझी आत्या सापडायची. बसस्टँडच्या हॉटेलात, पिठाच्या गिरणीत, पाथर्डीच्या जीपमध्ये, सगळीकडं तीच वाजायची. जीपमध्ये तिचं गाणं लागलं की पप्पा मधेच उतरायचे आणि राहिलेला रस्ता चालत यायचे. त्या वर्षी पप्पा बरेच चालले.

अशातच पुन्हा दसरा आला आणि याकोबकाका आमच्या ओट्यावर येऊन बसले. काका मंडळीच्या पंच कमिटीचे प्रमुख. उन्हातही काळा कोट घालायचे आणि कुठल्याही विषयाला आधी खाकरून परवानगी द्यायचे.

“मास्तर,” ते म्हणाले, “निरोपाच्या उपासनंत आपन सगळ्यांची नावं घेतो. तुमची भैन बी घर सोडून कामालाच गेलीया की. मंग तिचं नाव का घेऊ नये? तिनं काय पाप केलंय?”

पप्पांनी हातातली वही मिटली. मग त्यांचे डोळे भरून आले. मी ते पहिल्यांदाच पाहिलं आणि घाबरले. ते म्हणाले, “घ्या.”

आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती म्हणाली, “म्हणजे तिचं काम संपावं असं मागणार? तिनं तर तसं कुणाला सांगितलेलं न्हाई.”

“प्रार्थना ठरलेली असते,” पप्पा म्हणाले. “प्रत्येकासाठी वेगळी करायची नसते.”

“चप्पल सुद्धा पाय बघून घेत्यात,” आई म्हणाली आणि तांब्या आदळून आत गेली.

त्या रविवारी आत्याचं नाव घेतलं गेलं. उभं राहायला ती नव्हती, म्हणून पप्पा उभे राहिले. पाद्रीसाहेबांनी हात उचलला. प्रभू, हिचं काम लवकर संपव आणि हिला घरी आण. मंडळीनं मनापासून आमेन म्हटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. त्या चर्चमध्ये तिचं वाईट चिंतणारं कुणी नव्हतं. सगळ्यांना ती परत हवी होती. मी सुद्धा आमेन म्हणाले.

पौषात, एका भर दुपारी, जीपमधून आत्या उतरली. थंडीचे दिवस, रानात काही उभं नाही, आणि वारा नुसता धूळ घेऊन फिरत होता. तिच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळलेला होता. मी “आत्या” म्हणून धावत गेले. तिनं मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, हसली, आणि बोलली नाही. मला वाटलं, रागावली आहे. घरात आल्यावर तिनं माझी पाटी मागून घेतली आणि त्यावर लिहिलं: गळ्यात गाठ आली आहे. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे. उन्हाळ्यात ऑपरेशन. आईनं ते मोठ्यानं वाचलं. पप्पांनी वाचायला पाटी हातात घेतली आणि तशीच धरून बसले. खडूनं लिहिलेल्या “बोलायला” मधल्या शेवटच्या “ल” ला काना द्यायचा राहिला होता. त्यांनी दुरुस्त केला नाही.

माणूस बोलत नसला की घर त्याच्याभोवती हळूहळू गप्प होतं. पहिले काही दिवस आम्ही तिच्याशी बोलायचो आणि ती मान हलवायची. मग आम्हीही खुणाच करू लागलो. आई भाकरी थापायची ती सुद्धा दबक्या हातानं. आत्याला खोकला यायचा तेव्हा ती दोन्ही हातांनी गळा धरायची, जणू आतलं काही सांडेल. तिला काही हवं असलं की ती चमच्यानं पेल्यावर टिचकी मारायची, आणि तो टिंग असा आवाज आला की आम्ही सगळे दचकायचो. संध्याकाळी ती ओट्यावर बसायची. समोर रस्ता. जीप जायची, आणि जीपमध्ये तिचंच गाणं चालू असायचं: गोड, भरघोस, आइस्क्रीमवरचं. धूळ खाली बसेपर्यंत ते ऐकू यायचं. आत्या ते अनोळखी माणसाचं बोलणं ऐकावं तसं ऐकायची. मग उठून आत जायची.

गावाला सुरुवातीला आनंद झाला. “ऐकलं बरं का देवानं,” याकोबकाका भेटेल त्याला सांगत होते. “दसऱ्याला मागितलं, पौषात दिलं.” पण आनंद फार टिकला नाही. त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. लोक आमच्या आवारातून जाताना आवाज खाली आणायला लागले. एका सकाळी मरियाबाई आली. तिचा मुलगा आणि सून टोळीबरोबर गेले होते. ती ओट्यावर चढली नाही, खालीच उभी राहिली.

“मास्तर, माझ्या पोराचं नाव काढून टाका.”

“कशातून?”

“त्या पराथनेतून.”

पप्पा म्हणाले, “मरियाबाई, ती दसऱ्यालाच होऊन गेली. आणि ती तुमच्या पोराच्या भल्यासाठीच होती.”

“व्हय, तुमच्या भैनीच्या बी भल्यासाठीच हुती,” मरियाबाई म्हणाली. “काम संपव म्हनायचं, आन् वरचा काय संपवील ते कुनाला ठाव. आमी अडानी मानसं. आमचं आमी बघून घिऊ.”

तेव्हा आत्या दारात उभी होती. मरियाबाईनं तिच्याकडं बघून पदर तोंडाला लावला आणि निघून गेली. पुढच्या रविवारी चर्चमध्ये स्वेच्छेनं प्रार्थना करण्याची वेळ आली तेव्हा कुणी उठलं नाही. पाद्रीसाहेबांनी वाट बघितली. शेवटी एका म्हाताऱ्यानं उठून पाऊस मागितला, आणि लगेच, घाईघाईनं, “बेतानं” असं जोडलं.

याला उतारा याकोबकाकांनीच शोधला. देवानं आवाज काढून घेतला तो जगाची गाणी गायल्याबद्दल. म्हणजे देवाचं गीत गायलं की तो परत देईल. टोळ्या परत आल्या की परतीची उपासना असते. त्यात आत्यानं साक्ष द्यावी, म्हणजे आपली चूक आणि देवाची करणी सगळ्यांपुढं सांगावी, आणि गीत म्हणावं. हे त्यांनी आम्हाला सांगितलं तेव्हा मांडव ठरला होता, नगरच्या पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती आणि बसस्टँडवर फलक लागला होता. फलकावर आत्याचं खरं नाव लहान अक्षरांत होतं आणि कॅसेटवरचं मोठ्या. जगाच्या गाण्यांवरचा त्यांचा राग फलक रंगवणाऱ्यापर्यंत पोचलेला नव्हता.

आई काष्टीची. जनावरांचा मोठा बाजार भरतो त्या गावची, आणि वादात ती नेहमी बाजारातूनच बोलायची. “आमच्याकडं बैल विकताना बैलाला विचारत न्हाईत, ते खरं,” ती म्हणाली. “पण त्याचे दात तरी बघत्यात. तुमी हिच्या गळ्यात एकदा बघा तरी. डॉक्टरनं शब्द काढू नको म्हणून सांगितलंय, आणि तुमी चार कडव्यांचं गीत काढायला निघालाय.”

“डॉक्टर डॉक्टरचं काम करतो, वैनी,” काका म्हणाले. “आपन आपलं करावं.”

“तुमचंच काम झालंय हे. अजून काय करताय?”

पप्पा मधे बसले होते. ते क्रूर नव्हते. तसे असते तर सोपं झालं असतं. त्यांना मनापासून वाटत होतं की बहिणीचा आवाज गेला तो त्यांच्या आमेनमुळं, आणि आता दुसऱ्या आमेननं तो परत आणता येईल. रात्र रात्र त्यांना झोप नसायची. ते वाळत चालले होते. आत्या जमिनीवर बसून हुलगे निवडत होती. खडा सापडला की तो ताटलीत टाकायची आणि त्याचा टक्क आवाज यायचा. पप्पा तिच्याकडं वळले आणि ज्या माणसाला बोलायची बंदी आहे त्याला विचारलं, “रूथ, तू काय म्हणतेस?”

तिनं पाटी ओढली. पदरानं पुसली. खडू उचलला. आम्ही सगळे बघत होतो. मग तिनं खडू खाली ठेवला, पाटी भिंतीला उलटी टेकवली आणि पुन्हा हुलगे निवडायला लागली. याकोबकाकांनी याचा अर्थ होकार असा घेतला. निमंत्रणं गेलेली असली की माणूस कशाचाही अर्थ होकारच घेतो.

चैत्रात कारखाने बंद झाले आणि टोळ्या परतल्या. माणसं काळी पडलेली, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. मरियाबाईचा मुलगा आला तो उजव्या हाताला फडकं गुंडाळून. कोयत्यानं दोन बोटं गेली होती. त्याचं कामही निदान त्या वर्षापुरतं संपलं होतं. मरियाबाई उपासनेला आली, पण मांडवात न शिरता कडेला, बाहेरच उभी राहिली. मांडव गच्च भरला होता. रुळावर पहार पडली. वारा सुटला होता आणि मांडवाचं कापड फुगायचं, बसायचं, फुगायचं, बसायचं. नगरच्या एका पाहुण्यानं कलेची सेवा आणि सेवेची कला यावर भाषण केलं. ते लांबलं. मी आत्याच्या शेजारी बसले होते. तिचा हात माझ्या हातात होता, नेहमीसारखा उबदार. घाबरलो होतो ते आम्ही सगळे.

तिचं नाव घ्यायच्या आधीच ती उठली. मफलर सोडला, घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवला. साक्ष दिली नाही. पप्पांकडं बघून नुसती मान हलवली. पप्पांनी सूर दिला. त्यांचा हात पेटीवर चाचपडत होता.

पहिली ओळ आली. आवाज तोच होता, फक्त लांबून आल्यासारखा, बारीक. मांडवात एक सुस्कारा फिरला. याकोबकाका डोळे मिटून डोलायला लागले. दुसरी ओळ आली आणि तिच्या शेवटी, जिथं सगळे थांबतात, तिथं आत्या थांबली नाही. सूर धरला, वळवला, वर नेला, आणि तो वर फाटला. जाड मांजरपाट दोन्ही हातांनी टराटर फाडावा तसा आवाज झाला. पुढच्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं. पप्पांचे हात पेटीवरून उचलले गेले ते तसेच अधांतरी राहिले. आता ती खाली बसेल असं मला वाटलं, सगळ्यांनाच वाटलं. ती बसली नाही. पेटीशिवाय, त्याच फाटक्या आवाजात, तिनं तिसरी ओळ घेतली. मग चौथी. मग उरलेली कडवी. तो आवाज बाईचा नव्हता आणि पुरुषाचाही नव्हता. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती त्या फाटलेल्या कडेला धरून आणखी जरा फाडायची. ऊस तोडून आलेल्या बायका तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या. बाहेर उभी असलेली मरियाबाई कधी आत आली ते कळलं नाही. ती अगदी पुढं, जमिनीवर बसली होती आणि एकटक वर बघत होती. शेवटच्या ओळीत आत्याचे ओठ हलत होते, पण त्यातून काही येत नव्हतं. नुसती हवा. ती ओळ तिनं तशीच, पूर्ण म्हटली.

कुणी आमेन म्हणालं नाही. बऱ्याच वेळानं याकोबकाका म्हणाले, एकट्यानंच, आणि सगळ्यांनी वळून त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी कोटाची बटणं लावायला घेतली.

पुढचं जगाला माहीत आहे. ऑपरेशन झालं. कित्येक महिने आवाज नव्हता, आणि आला तो खोल, खरबरीत, मधेच चिरलेला. कॅसेट कंपनीनं गोड गाणी दुसऱ्या मुलीला दिली. मग एका तरुण संगीतकारानं तिला तशाच आवाजात गायला लावलं, आणि जी गाणी झाली ती आजही लोक अंधारात बसून ऐकतात. मोठी सभागृहं, परदेश, मानाच्या शाली. नव्या मुली तिच्यासारखं गाण्यासाठी मुद्दाम घसा खरवडून घेतात असं ऐकते. माझ्या नातवाच्या मोबाईलवर ती तिच्या एका ओळीइतकीच, अर्ध्या मिनिटाची येते आणि वरती सरकून जाते. गेल्या वर्षी नगरच्या एका महाविद्यालयात तिच्या वारशावर परिसंवाद झाला. एका वक्त्यानं तिच्या आवाजात दुष्काळी भूमीचा हंबरडा ऐकला. दुसऱ्यानं स्थलांतरितांचं दुःख. तिसऱ्या बाईंनी सांगितलं की भावासाठी आणि मंडळीसाठी तिनं त्या दिवशी आपल्या आवाजाची आहुती दिली, आणि त्या राखेतून ही कला उठली. तिसऱ्या बाई सांगत होत्या ते आमच्या घरातही खरंच मानलं जात होतं. पप्पांनी त्या उपासनेनंतर गायनमंडळ सोडलं. ते मऊ झाले, कुणाच्या चुका काढेनासे झाले. दर महिन्याला गिरणीत स्वतः उभं राहून बाजरी दळून आणायचे आणि पिठाचा डबा एसटीच्या ड्रायव्हरबरोबर मुंबईला पाठवायचे. सुट्टीत आत्या आली की तिच्याशी तासन्तास बोलत बसायचे. तिच्या आवाजाबद्दल मात्र कधी एक अक्षर काढलं नाही. ते गेले तेव्हाही त्यांच्या चेहऱ्यावर ते ओझं होतंच.

परिसंवादानंतर मी आणि आत्या नगरच्या एका हॉटेलात जेवायला बसलो. ती आता काठी घेऊन चालते. शाल आणि श्रीफळ तिनं शेजारच्या खुर्चीवर ठेवलं होतं. मी इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं.

“आत्या, त्या दिवशी तू का गायलीस? डॉक्टरांनी बंदी केली होती ना?”

“बंदी केलीच हुती,” ती त्या आवाजात म्हणाली, ज्यासाठी लोक तिकीट काढतात. “पन डॉक्टरनं अजून एक सांगितलं हुतं. ते मी पाटीवर लिवलं न्हाई. ऑपरेशन करा, न्हाईतर नका करू, पयला आवाज आता यायचा न्हाई. गेल्यातच जमा हुता तो. म्हनलं, हाय तेवढा घरी वापरून टाकावा.”

मी हातातला घास खाली ठेवला. “मग हे पप्पांना का नाही सांगितलंस? ते मरेपर्यंत स्वतःला दोष देत राहिले.”

आत्यानं कांद्याची फोड उचलली, मिठाला लावली.

“सांगनार हुते. पन त्या दिवसापासनं दादा माझ्याशी नीट बोलाय लागले. जन्मात पयल्यांदा. म्हनलं, कशाला मोडायचं.” तिनं कांदा चावून खाल्ला. “आन् दर महिन्याला पीठ यायचं. मुंबईला तसली बाजरी मिळत न्हाई.”